पुतण्याचे पैसे, काकाचे घर

ऑक्टोबरची १५ आणि १६ तारीख आली की चंद्रपूरची दीक्षाभूमी माणसांनी फुलून जाते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी याच गावी, तेव्हाच्या चांद्यात, धम्मदीक्षा दिली. नागपूरनंतर हा मान चंद्रपूरला मिळाला. त्या आठवणीसाठी बल्लारपूर, राजुरा, मूल, ब्रह्मपुरी, गडचिरोली, चामोर्शी, थेट सिरोंचापासून आपली माणसे येतात. प्राणहितेच्या पलीकडून, कागजनगर-मंचेरियालकडूनही लेकी-जावई येतात. पुस्तकांचे स्टॉल, चहाच्या टपऱ्या, आणि जागोजागी बसलेली घरेच्या घरे.

अशाच एका गर्दीत आम्ही चहा घेत बसलो होतो. शेजारी एक वृद्ध गृहस्थ होते. कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. जयभीम झाला. आम्ही साप्ताहिकात लिहितो हे कळल्यावर ते जरा जवळ सरकले आणि म्हणाले, "भाऊ, माहा पुतन्या अमेरिकेत आहे. पंधरा लाख पाठवतो म्हणते, घर बांधाले. लोक म्हणतात, अर्धे सरकारच घेते. खरं आहे का जी?"

आम्ही विचारले, "काकाजी, पुतण्या की मुलगा?"

"पुतन्याच. पण त्याचा बाप गेला तेव्हा तो चार वर्षांचा होता. लेकावानी वाढवला त्याले. माह्यासाठी लेकच तो."

काकाजींचा प्रश्न साधा होता, पण आम्हाला तेथल्या तेथे उत्तर देता आले नाही. पुढे पुस्तके उघडली, जाणकारांना विचारले, आणि जे कळले ते आज वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत. कारण हा प्रश्न आता एकट्या काकाजींचा राहिलेला नाही. ज्या घरातील आजोबा दुसऱ्याच्या बांधावर राबले, त्या घरातील नात शिष्यवृत्तीवर परदेशात शिकते आहे. कोणी आखातात फिटर आहे, कोणी लंडनमध्ये नर्स आहे, कोणाची लेक तेलंगणात नांदते आहे. घर एक, पण त्याची मिळकत दोन राज्यांत किंवा दोन देशांत. अशा घरात कर्ता माणूस डोळे मिटतो तेव्हा दुःखाच्या पाठोपाठ कागदाचा प्रश्न उभा राहतो.

मृत्यूवरचा कर होता, तो गेला

प्रथम एक भीती काढून टाकू. बाप मेल्यावर मुलाला मिळणाऱ्या मिळकतीवर भारतात आज कोणताही मृत्यूकर नाही.

पूर्वी तो होता. १९५३ साली संपदा शुल्क कायदा आला. मोठ्या इस्टेटीवर हा कर पुढे ८५ टक्क्यांपर्यंत चढला होता. हेतू चांगला होता, पिढ्यान्‌पिढ्या काही मोजक्या घरांत साठलेली संपत्ती थोडी खाली झिरपावी असा. परंतु बड्या लोकांनी पळवाटा काढल्या, वसुली थोडी आणि खटाटोप मोठा अशी स्थिती झाली, आणि १६ मार्च १९८५ पासून होणाऱ्या मृत्यूंसाठी हा कर बंद झाला.

त्याचाच धाकटा भाऊ म्हणजे दानकर. मरणाआधीच सर्व काही वाटून टाकून मृत्यूकर चुकवू नये म्हणून १९५८ साली हा कायदा झाला. त्यात कर देणाऱ्याला भरावा लागे. १ ऑक्टोबर १९९८ पासून केलेल्या दानांना तोही लागू राहिला नाही.

मग आता सारे मोकळे आहे काय? नाही. येथेच आपली माणसे फसतात. दानकर गेला, पण २००४ पासून दुसऱ्या दाराने नियम आला. आता कर देणाऱ्यावर नाही, घेणाऱ्यावर आहे. एका आर्थिक वर्षात नात्याबाहेरच्या माणसांकडून मिळून ५० हजार रुपयांपेक्षा जास्त पैसे भेट म्हणून आले, तर ती सर्व रक्कम घेणाऱ्याचे उत्पन्न धरली जाते. ५० हजारांवरची तेवढीच नव्हे, सर्वच्या सर्व. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला, तरी हा नियम तसाच चालू आहे.

नातेवाइकाकडून आलेल्या भेटीला मात्र मर्यादा नाही. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने आले, तरी कर नाही. ज्याचे लग्न आहे त्याला लग्नानिमित्त कोणीही दिले, तरी कर नाही. तेव्हा सारा प्रश्न एकाच शब्दावर येऊन थांबतो. नातेवाईक कोण?

मनाचे नाते आणि कायद्याचे नाते

कायद्याने नातेवाइकांची यादी दिली आहे. पती किंवा पत्नी. स्वतःचे भाऊ-बहीण. जोडीदाराचे भाऊ-बहीण. आई-वडिलांचे भाऊ-बहीण, म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी. सरळ रेषेतील वरचे आणि खालचे, म्हणजे आजी-आजोबा, आई-वडील, मुले, नातवंडे. जोडीदाराचेही तसेच. आणि या सर्वांचे पती-पत्नी.

ही यादी घेणाऱ्याच्या बाजूने वाचायची असते, आणि येथे एक विचित्र गाठ आहे. काकाने पुतण्याला पैसे दिले, तर घेणारा पुतण्या. त्याच्या दृष्टीने काका म्हणजे वडिलांचा भाऊ, यादीत आहे. कर नाही. पण पुतण्याने काकाला दिले, तर घेणारा काका. त्याच्या यादीत स्वतःचा भाऊ आहे, भावजय आहे, स्वतःची मुले-नातवंडे आहेत, भावाचा मुलगा मात्र नाही. पुतण्याची आई नात्यात बसते आणि पुतण्या बसत नाही! भाचा-मामा, भाची-मावशी यांचेही असेच. चुलत, मावस, आतेभाऊ तर दोन्ही बाजूंनी बाहेर.

काकाजींनी चार वर्षांच्या पोराला घास भरवला. पण कायद्याच्या वहीत तो परका राहिला. त्या वेळी दत्तकपत्र केले असते, तर आज तो मुलगा ठरला असता आणि पंधरा लाख काय, पन्नास लाख आले तरी प्रश्न नव्हता. १९५६ चा दत्तक कायदा आपल्यालाही लागू आहे, परंतु रूढी नसेल तर १५ वर्षांच्या आतील मुलाचेच दत्तक होते. आता ती वेळ गेली.

मग अर्धे पैसे सरकार घेणार काय? तेही नाही. हिशेब करून पाहू. समजा काकाजींचे स्वतःचे करपात्र उत्पन्न वर्षाला ३ लाख रुपये आहे. एकाच वर्षात १५ लाख आले, तर उत्पन्न १८ लाख धरले जाईल. २०२५-२६ पासूनच्या नव्या करपद्धतीच्या दराने त्यावर उपकरासह १ लाख ६६ हजार ४०० रुपये कर होतो. अर्धे नव्हे, पण घराच्या स्लॅबचा मोठा खर्च यातच जाईल.

आता तेच पैसे दोन आर्थिक वर्षांत घेतले तर? साडेसात लाख ३१ मार्चच्या आत, आणि साडेसात लाख १ एप्रिलनंतर. प्रत्येक वर्षाचे उत्पन्न होते साडेदहा लाख. नव्या पद्धतीत येथील रहिवाशाचे एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे केवळ तारीख पाहून पैसे मागवले, तर काकाजींचे १ लाख ६६ हजार वाचतात. यात लपवाछपवी काही नाही. मात्र दोन्ही वर्षी आयकर विवरणपत्र भरून ही रक्कम त्यात दाखवलीच पाहिजे. 'कर नाही म्हणजे विवरणपत्र नाही' असे समजू नये. बँकेत परदेशातून आलेली रक्कम लपून राहत नाही.

काकाजींच्या मुलीचे लग्न ठरले आणि चुलतभावाने तिलाच लग्नाची भेट दिली, तर तिच्यावर कर नाही. पण ती भेट वधूच्या नावाने यावी, बापाच्या खात्यात नव्हे. 'उसनवार म्हणून दाखवू' असे काही जण सुचवतात. परदेशातून घेतलेल्या कर्जाला परकीय चलन कायद्याचे वेगळे नियम आहेत. ती वाट जाणकाराला विचारल्याशिवाय धरू नये.

आपण बौद्ध, मग हिंदू वारसा कायदा कसा?

काकाजींचे मूलच्या बाजूला दोन एकर धानाचे शेत आहे. घरात पत्नी आणि एक मुलगी. मुलगी नदीपलीकडे तेलंगणात दिलेली. "ते तर दुसऱ्या राज्यात गेली, तिचा काय हक्क राहते?" असे ते सहज बोलून गेले. हे वाक्य आपल्या अनेक घरांत बोलले जाते, म्हणून त्याचे उत्तर ठळकपणे द्यावे लागेल.

अनेक वाचक आम्हाला विचारतात, आपण धम्म स्वीकारला, मग आपल्या मिळकतीला हिंदू वारसा कायदा का? १९५६ च्या या कायद्यात सुरुवातीलाच लिहिले आहे की तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. यामुळे कोणी हिंदू ठरत नाही, फक्त वाटणीचा नियम एक राहतो. आणि या कायद्याचे मूळ कोठे आहे? बाबासाहेबांनी कायदामंत्री म्हणून रेटलेल्या हिंदू कोड बिलात. स्त्रीला संपत्तीत वाटा मिळावा यासाठी ते झगडले, आणि बिल अडवले गेले तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५-५६ मध्ये त्याच बिलाचे तुकडे वेगवेगळे कायदे म्हणून मंजूर झाले.

हा कायदा सांगतो की पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याची स्वकष्टाची मिळकत विधवा, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई यांच्यात समान वाटली जाते. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही मुलगी मुलासारखीच जन्मतः हक्कदार झाली, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क पक्का केला. मुलगी चंद्रपुरात नांदते की कागजनगरात, की थेट कॅनडात, याने तिचा वाटा एक गुंठाही कमी होत नाही. ज्या बाबासाहेबांनी या हक्कासाठी खुर्ची सोडली, त्यांचा फोटो भिंतीवर आणि बहिणीची सही मात्र कोऱ्या हक्कसोडपत्रावर, हे आपल्याला शोभते काय? बहिणीने राजीखुशीने हक्क सोडला, तर तो तिचा अधिकार आहे. पण काय सोडते आहे ते तिला समजले पाहिजे.

राज्याच्या सीमेबद्दल एक नियम लक्षात ठेवला की पुरे. वाटा कोणाला किती, हे वारसा कायदा ठरवतो, आणि तो दोन्ही राज्यांत एकच आहे. पण दस्त कोठे नोंदवायचा, मुद्रांक किती लागायचा, फेरफार कोण करणार, हे जमीन जेथे आहे तेथील राज्य ठरवते. मूलच्या शेताचा दस्त तेलंगणात नोंदता येत नाही, आणि तिकडच्या शेताची वारसनोंद आपला तलाठी करू शकत नाही. जिवतीच्या डोंगरात अशी १४ गावे आहेत, ज्यांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघांनीही दावा सांगितला आणि लोकांकडे दोन्हीकडची कार्डे आली. तेथील माणसाने तर आपल्या शेताचा कागद कोणत्या राज्याच्या दप्तरात आहे, हे आधी तपासावे.

आपल्या राज्यात २०१५ पासून एक चांगली सवलत आहे. राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा विधवा सून यांना बक्षीसपत्राने दिली, तर मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये आहे. नोंदणीचा खर्च आणि स्थानिक अधिभार असल्यास वेगळा. येथेही पाहा, पुतण्या यादीत नाही.

गडचिरोलीच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसांकडे जातो, पण तो विकता येत नाही आणि कोणाला बक्षीसही देता येत नाही. लग्न झालेल्यांचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावाने असतो. नवरा वारला म्हणून बाईला पट्ट्यावरून हटवता येत नाही. कोणी 'पट्टा विकत घेतो' म्हणत आला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

परदेशातील मुलाला शेत देता येते काय?

काकाजींच्या मनात आणखी एक इच्छा होती. शेतातला थोडा भाग पुतण्याला द्यावा. "त्याचा बाप त्याच मातीत राबला," असे ते म्हणाले.

येथे परकीय चलन कायदा आडवा येतो. परदेशात स्थायिक झालेल्या भारतीयाला येथे घर किंवा बिगरशेती भूखंड घेता येतो. पण शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळा त्याला विकत घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. सख्ख्या मुलाला बापाने दिली तरी नाही. मात्र वारसाहक्काने शेत त्याच्याकडे येऊ शकते. म्हणजे बक्षीसपत्राचे दार बंद आहे, मृत्युपत्राचे दार उघडे आहे. पुढे त्याला ते शेत विकायचे झाले, तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावे लागेल.

पुतण्या हा पत्नी-मुलीच्या बरोबरीचा वारस नाही. काकाजींनी काही लिहून ठेवले नाही, तर सारे शेत पत्नी आणि मुलीकडे जाईल. तेव्हा त्यांची इच्छा पुरी होण्याची एकच वाट आहे. स्वकष्टाच्या मिळकतीचे मृत्युपत्र. त्यात पत्नी आणि मुलीचा सांभाळ आधी, पुतण्याचा वाटा नंतर.

तिकडे राहणाऱ्यानेही एक काळजी घ्यावी. अमेरिकेतील रहिवाशाला भारतातून वर्षाला १ लाख डॉलरपेक्षा जास्त भेट किंवा वारसा मिळाला, तर त्याने तेथील कर खात्याला कळवावे लागते. कर नसतो, पण न कळवल्याचा दंड रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. नागपुरातले घर विकून आलेले पैसे तिकडे मागवणाऱ्यांनी हे विसरू नये.

त्यांच्या देशाचा कर

भारताने मृत्यूकर काढला, म्हणून जगाने काढला असे नाही. मिळकत ज्या देशात आहे, तो देश आपला कायदा लावतो.

अमेरिकेत मृत्यूकर आहे. तेथील नागरिक आणि कायमचे राहणारे यांना माफी प्रचंड आहे, २०२६ साली दीड कोटी डॉलर. त्यामुळे सामान्य माणसाला त्याची झळ लागत नाही. पण जो तेथला कायमचा रहिवासी मानला जात नाही, त्याला माफी केवळ ६० हजार डॉलरची आहे. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत. तेथील घर आणि तेथील कंपन्यांचे शेअर यात धरले जातात. भारत आणि अमेरिका यांच्यात मृत्यूकराबाबत कोणताही करार नाही. पुण्यात संगणकाची नोकरी करणारी आपली मुले आज मोबाइलवरून अमेरिकन शेअर घेतात. अमेरिकेचे तोंड न पाहिलेल्या मुलालाही हा नियम लागतो. ब्रिटनमध्ये ३ लाख २५ हजार पौंडांपर्यंत माफी आहे आणि त्यावर सर्वसाधारणपणे ४० टक्के.

काकाजींच्या पंधरा लाखांवर मात्र तिकडे काही अडचण दिसत नाही. अमेरिकेत दानकर देणाऱ्यावर असतो, पण २०२५ आणि २०२६ साठी एका माणसाला वर्षाला १९ हजार डॉलरपर्यंत दिले तर तिकडे कळवावेही लागत नाही. १ जानेवारी २०२६ पासून रोख रकमेने परदेशी पैसे पाठवण्यावर तेथे १ टक्का कर बसला आहे, पण बँक खात्यातून पाठवले तर तो लागत नाही. पुतण्याने खात्यातून खात्यात पाठवावे, हेच बरे.

आखातातील आपला कामगार

दुबई, अबुधाबीकडे गेलेल्या मुलांच्या घरी चिंता वेगळी असते. संयुक्त अरब अमिरातीत मृत्यूकर नाही, दानकरही नाही. मुलाने आई-वडिलांना कितीही पाठवले, तरी येथेही कर नाही. अडचण येते ती माणूस तिकडेच वारला तर. त्याचे बँक खाते गोठवले जाते, आणि वारस कोण हे कोर्टात सिद्ध होईपर्यंत पैसा निघत नाही. १ फेब्रुवारी २०२३ पासून तेथे बिगरमुस्लिमांसाठी नवा दिवाणी कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल, तर अर्धा वाटा पती किंवा पत्नीला आणि अर्धा मुलांना, मुलगा-मुलगी समान. आई-वडील यात मागे राहतात. म्हाताऱ्या आईला काही मिळावे असे ज्याला वाटते, त्याने तसे लिहून ठेवावे.

परवानगी घेऊन कामाला जाणाऱ्या मजुरांसाठी प्रवासी भारतीय विमा योजना आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये. हप्ता दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपये. ही पॉलिसी अनेकदा एजंटाच्या फाइलमध्येच पडून राहते आणि घरच्यांना तिचा पत्ताही नसतो. जाण्यापूर्वी तिची एक प्रत आईच्या किंवा बायकोच्या पेटीत ठेवूनच गाडीत बसावे.

मुलाचे परदेशातील खाते वारसाहक्काने आपल्या नावावर आले, तर त्यावर येथे कर नाही. पण भारतात राहणाऱ्याच्या नावावर परदेशात मिळकत असेल, तर उत्पन्न कमी असले तरी त्याला विवरणपत्र भरून ती दाखवावी लागते. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात न दाखवल्याबद्दल १० लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या खात्यांना आणि इतर जंगम मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली, तरी दाखवण्याचे बंधन सुटलेले नाही.

पेटीत काय असावे

आम्ही जे वाचले, त्यातून एक गोष्ट मनावर ठसली. आपल्यासारख्या घरांना कर फारसा बुडवत नाही, कागद नसणे बुडवते. म्हणून प्रत्येक घराने एका रविवारी बसून एवढे करावे.

पहिले, मृत्युपत्र. साध्या कागदावर, स्वतःच्या सहीने किंवा अंगठ्याने, दोन साक्षीदारांच्या समक्ष. साक्षीदार शक्यतो वाटा मिळणारे नसावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण केली तर वाद कमी होतात. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील मिळकतीला कोर्टाच्या प्रोबेटची सक्ती नाही. परदेशात मिळकत असेल, तर तेथील नियमाने वेगळे मृत्युपत्र करावे.

दुसरे, नावे जुळवणे. सातबाऱ्यावर एक नाव, टीसीवर दुसरे, पासपोर्टवर आडनावाचे तिसरेच स्पेलिंग, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. परदेशातील कोर्ट किंवा बँक एका अक्षरावर अडून बसते. माणूस जिवंत असताना दुरुस्ती आठवड्यांत होते, मेल्यावर वर्षे लागतात. बौद्ध पद्धतीने लागलेल्या लग्नाची नोंदही करून घ्यावी. विधवेला आपण पत्नी असल्याचे सिद्ध करताना लग्नाचे फोटो पुरत नाहीत.

तिसरे, नॉमिनी. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बँक, विमा, सगळीकडे नाव पाहावे. लग्नापूर्वी भरलेले भावाचे नाव तसेच राहिलेले असते. बँकेतील नॉमिनी हा पैसे घेऊन वारसांना देणारा राखणदार आहे, मालक नव्हे, हेही घरात सर्वांना सांगावे.

चौथे, वारसनोंद. माणूस वारल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज द्यावा. २०२५ साली राज्यात 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली, कारण हजारो उताऱ्यांवर मेलेल्यांचीच नावे होती. आजोबांच्या नावाच्या शेताची भरपाई नातवाला सहजासहजी मिळत नाही. धरण, खाण, रस्ता यांसाठी जमिनी जाणाऱ्या आपल्या भागात तर हे अंगावर येणारे नुकसान आहे.

पाचवे, एक वही. कोठे खाते, कोठे पॉलिसी, कोणाकडे किती येणे, परदेशात काय आहे, हे सर्व एका वहीत. आणि ती वही कोठे आहे, हे घरातील बाईला माहीत असावे.

बाबासाहेबांच्या लेखणीने आपल्याला हक्क दिले. तीच लेखणी आपण घरात, आपल्या माणसांसाठी उचलत नाही, हे दुःख आहे. पोटच्या पोरासारखे वाढवलेले मूल, रात्रंदिवस सेवा करणारी सून, म्हातारपणी आधार देणारी बहीण, यांना कायदा आपणहून ओळखत नाही. ओळख आपणच कागदावर लिहून द्यायची असते.

काकाजींना आम्ही हे सारे घरी जाऊन सांगितले. दोन हप्त्यांचा हिशेब त्यांना लगेच पटला. मुलीच्या वाट्याचे ऐकून काही वेळ गप्प राहिले. मग आत पाहून पत्नीला म्हणाले, "पोरीले फोन लाव. म्हणा, बापाने बोलावलं. शेताचं लिहाचं आहे, तिच्यासमोरच लिहू."